जावेचं झाड

आमच्या गल्लीत मसाल्याचे दिवस आले की ते आधी शिंकांनी कळतात. चैत्र अर्धाअधिक सरलेला असतो, आमच्या चोपडा गावचं ऊन सकाळी नऊलाच अंगावर यायला लागतं, आणि अकराच्या सुमारास कुणाच्या तरी कढईत मिरची पडते. पहिली शिंक समोरच्या घरातून येते, दुसरी रस्त्यावरच्या सायकलवाल्याची, तिसरी माझी. मी ओट्यावर पेपर घेऊन बसलेली असते. डोळ्यांना पदर लावते. येणारीजाणारी एखादी म्हणते, “काय मिरची शे वं माय!” मी मान हलवते. डोळ्यांतलं सगळंच पाणी मिरचीचं नसतं, पण ते रस्त्यावरच्या बाईला कुठं सांगत बसा. पेपर पुन्हा उघडते.

मी मत्सरी बाई आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर आता हे म्हणायला हरकत नाही. नोकरीत होते तोवर मी मुलांना ‘कुणाचा हेवा करू नये’ असं फळ्यावर सुविचार म्हणून लिहून देत असे, आणि लिहिताना शेजारच्या वर्गावरच्या बाईंचं अक्षर माझ्याहून गोल आहे याचा हेवा करत असे. दुसऱ्याची साडी, दागिने, घर, यांनी मला कधी काही झालं नाही. मला पोटात दुखतं ते दुसऱ्याला एखादी गोष्ट सहज जमली की. मी घाम गाळून जिथं पोचते तिथं कुणी गुणगुणत आलेलं मला बघवत नाही. माझी धाकटी जाऊ मनीषा तशी आली.

ती भुसावळची. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या कॉलनीत, बोलणं शहरी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली. आमच्याकडं आखाजीला सगळ्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, आणि येताना सांजोऱ्यांचा डबा आणतात. मीही माझ्या वेळी डबाच आणला होता. मनीषा परत आली ती मांडीवर एक कुंडी घेऊन. तिचे वडील रेल्वेच्या पासावर केरळात गेले होते. तिथल्या एका रोपवाटिकेतून त्यांनी ‘तेजपानाचं झाड’ म्हणून ते रोप घेतलं आणि दोन दिवस गाडीत पायाशी धरून आणलं. वीतभर रोप, सहा पानं. सगळं घर त्याच्याभोवती जमलं. माझ्या सांजोऱ्यांभोवती असं कुणी जमल्याचं मला आठवत नाही.

मागच्या अंगणात मोरीच्या भिंतीशी तिनं ते लावलं. आमच्या वैशाखात तुळस टिकत नाही, तिथं हे काय टिकणार, असं मी मनातल्या मनात म्हटलं, आणि खरं सांगते, पुढचे कितीतरी दिवस मी सकाळी उठून आधी ते मेलं का ते बघायला जात असे. ते मरत नव्हतं. मनीषा ओल्या गोणपाटाचा आडोसा करायची, अंघोळीचं पाणी त्याच्याकडं वळवायची. तीन उन्हाळे ते करपलं आणि तिन्ही वेळा आषाढात बुडाशी फुटलं. चौथ्या वर्षी मात्र त्यानं मान वर काढली.

आणि वास! तो मी नाकारू शकत नाही. जाड, चकचकीत पान. नुसतं बोटांत दुमडलं तरी आधी लवंग यायची, मग लिंबाची साल, आणि शेवटी आणखी काहीतरी, ज्याचं नाव कुणाला सापडत नव्हतं. आमचे हे तर दर वेळी पान हुंगून म्हणायचे, “हा वास मी कुठंतरी घेतलेला आहे.” कुठं ते त्यांना पाच वर्षांत आठवलं नाही. झाड लहान आहे, त्याचं पान तोडायचं नाही, असा आमच्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, हुकूम होता. म्हणून गळलेली पानंच मनीषा गोळा करायची. ती आत्याबाईंच्या लुगड्यांत जायची, माझ्या कपाटात यायची, शेजारणींच्या हातावर पडायची. गल्लीतल्या बायका मागच्या दारानं यायला लागल्या. ‘मनीषाचं झाड’ असं त्याला नाव पडलं. माझ्या नावानं या घरात एक तांब्यासुद्धा नाही.

आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा खिडकीतून त्याचा शेंडा दिसतो. गच्चीला टेकलाय. साल सोलवटून निघते आणि आत खोड गुळगुळीत, फिकट. ऊन चढलं की पानं तापतात आणि कुणी हात न लावताच वास घरात येतो. मी खिडकी लावून घेत नाही. पूर्वी घेत असे.

मसाला हे आमच्या घरातलं मोठं प्रकरण. वर्षाचा काळा मसाला एकदाच होतो. शेवभाजी, पाटोड्या, वांगी, मटण, सगळं त्याच्यावर. धणे, खोबरं, कांदा, मिरच्या, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, तेजपान. एकेक जिन्नस निवडायचा, वेगळा भाजायचा, आणि मग मोठ्या परातीत सगळं एकत्र करून कांडपावर पाठवायचं. आमच्याकडं मापं नाहीत. कशात काय किती पडायचं ते मूठ ठरवते, आणि ती मूठ घरातल्या एकाच बाईची असते. याला आमच्याकडं ‘हात लावणं’ म्हणतात. बाकीच्यांनी निवडावं, भाजावं, आणि बाजूला व्हावं. मी चोवीस वर्षं निवडत आणि भाजत होते. कढईपुढं उभी राहून माझ्या भुवया दोनदा होरपळल्या. आत्याबाईंच्या मुठीत किती धणे मावतात हे मला त्यांच्या बोटांवरून पाठ झालं होतं. त्या थकल्या की हात माझा, हे कुणी बोललं नव्हतं, पण मी ते ठरलेलं धरून चालले होते. एवढी एकच गोष्ट मला या घराकडून हवी होती.

त्या वर्षी, बारा वर्षं झाली त्याला, आत्याबाईंचं मनगट मोडलं. मसाल्याला दहा-बारा दिवस राहिले असतील. दुपारी आम्ही दोघी जावा मिरच्यांची देठं काढत बसलो होतो. आत्याबाई खाटेवरून झाडाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “यंदा मसालाले हात मनीषा लावी.”

मिरची माझ्या हातातच राहिली. मनीषा घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली, “मला नाही जमायचं आत्याबाई, अक्का लावतील.” आत्याबाईंनी मान हलवली. “तिना हात नशिबना शे. कशालेबी लागू दे, झाड व्हस.” आणि मग वर, “इकतनं तेजपान काबर लयनं? घरमाच झाड शे ना. आते तोडा पानं.”

मी त्या रात्री जेवले नाही म्हणावं तर तसंही नाही. चांगली दोन भाकरी जेवले. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घरी न येता मी बाजारात हमीदचाचांच्या दुकानी गेले. चाचा अत्तर विकायचे, डोक्याची तेलं घरी मुरवायचे. माझ्या रुमालात झाडाची दोन पानं होती. का गेले होते मी? आज बारा वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. ते पान कुचकामी आहे, असं मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

चाचांनी पान चुरडलं, डोळे मिटले, आणि लगेच हसले. “बाई, ये खाने का नै, लगाने का पत्ता है.” दाढी झाल्यावर गालाला लावतात त्या पाण्यात याचा अर्क असतो, केसांच्या तेलात असतो, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी शेजारच्या किराणा दुकानातून एक सुकं तेजपान मागवून दोन्ही पानं माझ्या तळहातावर ठेवली. तेजपानावर देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा असतात. आमच्या झाडाच्या पानाला मधे एकच, बाकी बारीक आडव्या. एवढं सोपं होतं. पण आम्ही तेजपान बघितलं ते पुडीतलं, सुकं, मोडकं, भाजीतून काढून ताटाच्या कडेला ठेवलेलं. त्याच्या शिरा कोण मोजतो?

“खाल्लं तर?” मी विचारलं. “मरेगा कोई नै,” चाचा म्हणाले, “मगर खाया भी नै जायेगा.” माझ्या अंगातून काहीतरी गार, गोड उतरत गेलं. तसा आनंद मला नंतर कशानंही झालेला नाही, आणि होऊही नये.

मसाल्याचा दिवस रविवारी होता. आत्याबाईंनी विचारलंसुद्धा. वाळलेल्या पानांचा ढीग सुपात होता, बाजारच्या तेजपानाच्या तिप्पट तरी. त्या म्हणाल्या, “तू काय म्हनस वं मोठी?” घरात कसलाही निर्णय झाला की त्या एकदा माझ्याकडं बघायच्या, आणि मी त्या बघण्यावर इतकी वर्षं जगले होते. मी म्हटलं, “तुमले जे बरं वाटी ते.” आणि कढईत तेल सोडलं.

पानं मी भाजली. हे कुणाला आठवत नाही, मला आठवतं. तेलात पडल्याबरोबर वासानं अख्खी गच्ची भरली, इतका सुंदर वास की खालून दीर ओरडून विचारायला लागले काय चाललंय. मनीषानं परातीत दोन्ही हात घातले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तिच्या कोपरापर्यंत धण्याची धूळ होती. मी तिच्याकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, घाल, अजून घाल.

चार दिवसांनी वांग्याची भाजी झाली. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या घासाला आमचे हे हातातला घास तसाच धरून म्हणाले, “आत्ता आठवलं कुठं घेतलाय हा वास.” दीर पोट धरून हसले. “सलूनमा बशीसन जेवी ऱ्हायनू आसं वाटस.” आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी जीभ टाळूला लावून बघितलं, पुन्हा बघितलं. “आसं काय लागी ऱ्हायनं वं हाई?” मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात भाकरी, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

वर्षाचा मसाला टाकून देत नाहीत आमच्याकडं. तो आम्ही वर्षभर खाल्ला. शेवभाजीत तो, मटणात तो, पाहुण्यांना तोच. दर जेवणाला थट्टा, दर थट्टेला मनीषाचं खाली बघणं. आणि पावसाळ्यात कधीतरी आत्याबाई भांडी लावता लावता तिला म्हणाल्या, चिडूनसुद्धा नाही, अगदी साध्या सुरात, “तुना हातले गुन नही, पोरी.” तेवढंच. त्यानंतर मनीषाचं गुणगुणणं थांबलं. मी ते थांबल्याचं ऐकलं. असं काही ऐकू येतं हे मला आधी माहीत नव्हतं.

बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. मी ते जिभेवर आणायची आणि गिळायची, त्या भाजीच्या घासासारखं. दिवाळीनंतर मी काय केलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले की अत्तरवाल्या चाचांना पान दाखवून आले, ते खायचं नाहीच, तेलात घालायचं आहे. जणू कालच गेले होते. घरभर माझी वाहवा झाली. दीर म्हणाले, “देखा! शाळामास्तरीन शे शेवट.” मनीषानं तर माझा हात धरला. तिच्या हाताचा दोष नव्हता, पानाचा होता, हे मी सिद्ध केलं म्हणून ती माझे उपकार मानत होती. आत्याबाईंना मात्र ते पटलं नाही. पान तिनंच आणलं ना, एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या चैत्रात हात माझा झाला.

तेव्हापासून त्या झाडाचं तेल होतं. तिळाच्या तेलात पानं मुरवून बरण्या उन्हात ठेवायच्या. यांच्या डोक्याला तेच, दिरांच्या डोक्याला तेच. चाचा होते तोवर तेही पिशवीभर पानं न्यायचे. एकदा मनीषा स्वतः द्यायला गेली आणि मी सोबत होते. चाचांनी तिच्याकडून पिशवी घेतली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि अत्तराचा फाया दोघींच्याही हाताला लावला. मी पुन्हा त्या दुकानी गेले नाही.

मत्सराचं एक कुणी सांगत नाही. आपण जिंकलो की तो संपत नाही, नुसती जागा बदलतो. हात माझा झाला, मसाला चांगला होऊ लागला, लोक मागून न्यायला लागले. मला हेवा वाटायचा तो तिच्या झोपेचा, तिच्या माझ्यावरच्या विश्वासाचा. कारण त्या वर्षानंतर मनीषानं स्वतःच्या नाकावर विसंबणं सोडूनच दिलं. दूध नासलंय का, डाळीला वास येतोय का, सगळं माझ्याकडं. आत्याबाई चार वर्षांपूर्वी गेल्या, ती वरच्या मजल्यावर वेगळी राहायला लागली, तरी वाटी घेऊन जिना उतरायची. “अक्का, जरा बघा ना.” मी बघायची आणि सांगायची. आणि मनात यायचं, या बाईला मनात काही न ठेवता दुसऱ्यावर विसंबता येतं, ते मला जन्मात येणार नाही.

यंदाचा मसाला परवा झाला. दोघींचा एकत्रच करतो अजून. गच्चीवर सकाळी, ऊन चढायच्या आत. झाडाचा शेंडा कठड्याला लागलेला. ती दगडफूल निवडत होती, मी धणे पाखडत होते. बोलणं असंच कशाकशावरून त्या वर्षावर आलं. ती हसून म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी शाळेत होतात ना अक्का, परीक्षा चालू होत्या. घरी असतात तर भाजताना वासावरूनच थांबवलं असतं.”

बारा वर्षांत तिनं मला त्या गच्चीवरून उचलून शाळेत नेऊन बसवलं होतं. तिला आठवत नव्हतं असं नाही. मी तिथं होते आणि तरी तसं झालं, हे तिच्या डोक्यात बसतच नसावं. मला ते फुकट मिळालेलं निर्दोषपण सहन होईना. सूप खाली ठेवलं.

“रविवार होता,” मी म्हटलं. “मी घरीच होते. पानं मीच भाजली.”

दगडफुलातला तिचा हात थांबला.

“आणि मला माहीत होतं, मनीषा. आठवडाभर आधी चाचांना विचारून आले होते.”

ती ओरडेल, रडेल, निदान का म्हणून विचारेल असं वाटलं. तिनं दगडफुलातली एक काडी उचलून बाजूला टाकली. मग दुसरी. बराच वेळ तेच चाललं. शेवटी मान वर न करता तिनं विचारलं, “आत्याबाईंना तरी सांगितलं होतं का नंतर?”

“नाही.”

तिनं सूप माझ्यापुढं सरकवलं. मग आम्ही काम केलं, कारण ते करावंच लागतं. मिरच्या भाजल्या, शिंकलो, खोबरं लाल केलं. परातीत हात मी घातले. कांडपावरून मसाला गरम गरम परत आला तेव्हा दुपार कलली होती. खाली माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन डबे भरले, एक माझा, एक तिचा. माझी बोटं चरचरत होती. तिनं आपल्या डब्याचं झाकण दाबून लावलं, पुन्हा उघडलं, आणि वाकून स्वतः वास घेतला. घाईनं नव्हे, डोळे मिटून, सावकाश. मग डबा कडेवर घेऊन जिन्याशी गेली.

सतरा वर्षांत ती माझ्याशी नेहमी शहरी बोलली होती. जिन्यावरून वळून म्हणाली ते मात्र आत्याबाईंच्या बोलीत, त्यांच्याच सुरात:

“पुढला सालले मना मसाला मी येगळा करसू, अक्का.”

ती वर गेली. थोड्या वेळानं वरच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला आणि त्यात, नीट ऐकू येऊ नये इतकं हळू, काहीतरी गुणगुणणं. मी परात मांडीवर घेऊन तिथंच बसून होते. आणि मला, एकोणसाठाव्या वर्षी, तिच्या त्या अजून न झालेल्या मसाल्याचा हेवा वाटला.